पहिल्याला सोडून

"उद्याचा पुल्ला हिल्काबाईंकडून," यार्को कॉफीच्या खोलीत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "फाइलच्या डोक्यावर त्यांचंच नाव आहे. रात्री जरा कमी जेवा रे."

चारपाच जण हसले. ओउलूतल्या त्या फोन कंपनीत रीतच होती: ज्याच्या चुकीने काम मोडेल त्याने दुसऱ्या दिवशी घरी भाजलेला वेलदोड्याचा गोड पाव, पुल्ला, आणायचा. एरवी ती गंमत असे. पण शुक्रवारी कमी करायच्या माणसांची यादी लागणार होती, आणि विभागप्रमुख तुइया कप हातात धरून दारातच उभी होती.

वेइक्को हसला नाही. त्याच्या तीन बोटांना पट्ट्या होत्या. पार उत्तरेतल्या इनारीच्या बर्फात, उणे पस्तीसमध्ये, तीन आठवडे तो नवा फोन तपासत हिंडला होता. फोनने टिपलेली सगळी मोजमापं काल सफाईच्या प्रोग्रॅमने पुसून टाकली. एक कप्पा रिकामा कर म्हटलं, तर त्याने अख्खा फोन रिकामा केला. प्रोग्रॅम हिल्काने लिहिलेला.

"वय झालं की व्हायचंच," यार्को म्हणाला. "माझी आईसुद्धा इस्त्री बंद करायला विसरते."

हिल्काच्या मानेवर लाल चट्टे उठले. तिने कप असा आपटला की कॉफी टेबलभर झाली. ती पुसायला न थांबता ती जागेवर गेली आणि त्या फाइलमधले जुने बदल एकेक करून उघडत बसली. डिसेंबरमधला एक तिचा नव्हता.

सकाळी नऊला तिने झाकलेलं ताट आणलं. टेबलाभोवती आठ जण, तुइया धरून. टोकाच्या पहिल्या खुर्चीवर नेहमीप्रमाणे यार्को. पुल्लेही आठच, अजून कोमट. हिल्काने ताट यार्कोच्या नाकाखालून पुढे नेलं आणि त्याच्या शेजाऱ्यापासून वाढायला सुरुवात केली.

"अहो, मी राहिलो की!"

"तुझ्याच पद्धतीने मोजतेय."

"म्हणजे काय?" तुइयाने विचारलं.

"टेबलावरच्या संगणकात प्रोग्रॅम चालवताना त्याला शब्द दिले की पहिला शब्द त्याचं स्वतःचं नाव असतं. म्हणून तिथे पहिला सोडून मोजतात. आपल्या फोनमध्ये नाव येतच नाही. पहिलाच शब्द कामाचा, कुठला कप्पा पुसायचा तो. मी तिथूनच मोजत होते. शब्द मिळाला नाही तर काही न करता थांब, अशीही एक ओळ घातली होती." हिल्काने यार्कोकडे बोट केलं. "नऊ डिसेंबरला याने माझी मोजणी सुधारली. ती ओळ फालतू म्हणून उडवली. मग कप्प्याचं नावच सुटलं, आणि नाव नाही म्हणून प्रोग्रॅमने सगळंच पुसलं. वर स्वतःचं नाव लिहायला तेवढं विसरला. आईवर गेलाय."

तिने छापलेला कागद तुइयापुढे ठेवला. तारीख, वेळ, यार्कोचं नाव. तुइयाने तो दोनदा वाचला.

"सगळीकडे असंच मोजतात," यार्को पुटपुटला.

"फोन एकदा उघडून बघायचा होतास."

हिल्का वाढत टेबलाच्या दुसऱ्या टोकाला पोचली. सात जणांपुढे पुल्ला आला होता, ताटात एक उरला होता. यार्कोने अवघडून हात पुढे केला.

हिल्काने तो उरलेला वेइक्कोच्या बशीत पहिल्याशेजारी ठेवला. पट्ट्यांच्या बोटांनी त्याला तो नीट धरता येईना. शेवटी त्याने तो दोन्ही तळव्यांत घेतला, आणि बराच वेळ न खाता तसाच धरून बसला.