सुभेदारांनी सांगितलेली गोष्ट

पाटणला माजी सैनिकांचा मेळावा होता. "कुणाला काही बोलायचंय का?" असं अध्यक्षांनी विचारलं, तसे सुभेदार लालासाहेब उठले. सगळ्यांना वाटलं, कॅन्टीनबद्दल बोलणार.

"मला संडासला साफ हुत न्हाई," ते म्हणाले.

मागच्या खुर्च्यांत हशा पिकला. बायकांत बसलेल्या त्यांच्या पत्नी मनुबाईंनी पदर तोंडाला लावला. हसू ओसरेपर्यंत सुभेदार ताठ उभे राहिले.

"मेडिकलमधनं पोट साफ व्हायचं पांढरं पातळ औषध आणायचो. आधी कवातरी, मग रोजच. किडनी कमजोर हाय, ह्ये ठाव हुतं. पर पोटाच्या औषधाचा किडनीशी काय संबंध? आन् डॉक्टरला असलं सांगायचं म्हंजी लाज."

पुढचंही त्यांनी सांगितलं: एका सकाळी ते उठलेच नाहीत. हाक मारली की डोळे किलकिले करायचे, पुन्हा मिटायचे. हात उचलवेना, नाडी मंद. वयच झालंय, असं घरच्यांनी धरलं. पाटणच्या दवाखान्यात नेल्यावर डॉक्टर प्रियदर्शनींनी मात्र मनुबाईंना बाजूला घेऊन विचारलं, "आजी, चिठ्ठीशिवाय काही औषध घेतात का हे?" नवऱ्यानं कुणाला सांगू नको म्हणून बजावलं होतं. तरी मनुबाईंनी त्या पांढऱ्या औषधाचं सांगितलं.

रक्त तपासलं, तर मॅग्नेशियम भलतंच वाढलेलं. त्या औषधातलंच ते. दुबळ्या किडनीला बाहेर टाकता येईना आणि सुभेदार रोज नव्यानं भर घालत होते. डॉक्टरांनी लगेच कॅल्शियमचं इंजेक्शन दिलं, कऱ्हाडला डायलिसिसला पाठवलं. तेव्हा कुठं ते शुद्धीवर आले.

"ही बोलली म्हणून मी हाय," सुभेदारांनी मनुबाईंकडं हात केला. "बर्फात चौकीवर उभा ऱ्हायलो, तवा घाबरलो न्हाई. डॉक्टरीणबाईंसमोर पोटाचं बोलायला घाबरलो. तुमी तसं करू नका. औषध साधं दिसतंय, पर आपल्या वयाला इचारूनच घ्या."

ते बसले. टाळ्या वाजल्या नाहीत. अध्यक्ष घसा खाकरून पुढच्या विषयाकडं वळले.

जेवणाच्या रांगेत नाथाजी हवालदार त्यांच्याजवळ आले. मघाशी सगळ्यात मोठ्यानं हसले होते ते हेच. इकडंतिकडं बघून त्यांनी आवाज उतरवला.

"सुभेदार, मीबी घेतो त्ये. हल्ली दिवसाबी लय झोप येती."

लालासाहेबांनी हातातलं ताट खाली ठेवलं.

"चला. डॉक्टरीणबाई आत्ता दवाखान्यात असतील."

दोघं मांडवाच्या दाराशी आले. मागून आणखी तिघं निवृत्त जवान आले आणि खाली वाकून आपापल्या चपला शोधू लागले.