उभ्या रेषेचा चढ

“निवडणुकीला राहते म्हण आणि मोकळी हो,” हैबतराव म्हणाले.

खडू हातात तसाच धरून मृणाली फळ्यापाशी थांबली. पडवीला दार एकच, आणि त्या दारातच सासऱ्यांनी खुर्ची टाकलेली. शेजारी त्यांचा उजवा हात गुणाजी, मोबाईल कानाला लावून उभा. समोर चटईवर दहावीच्या मुली. आता बाईने पळायचं तरी कुठून?

सरपंचपद महिलांसाठी राखीव झालं, तेव्हापासून घरात हाच घोशा होता. अर्ज भरायचा आज शेवटचा दिवस, आणि त्यासाठी पेणला जायचं होतं. सूनबाई शिकलेली, गावातल्या निम्म्या पोरी तिच्या क्लासला, म्हणजे निवडून येणार यात शंका नाही. नवरा प्रविण नागोठण्याला शिफ्टवर. सकाळी फोनवर म्हणाला, “बाबा सांगतात तर राहा ना उभी. तुला काय करायचंय? सही तर करायची!” सहीच तर करायची होती, आणि तेच तिला नको होतं.

कारण तिने सासूबाईंना पाहिलं होतं. त्याही सरपंच झाल्या होत्या हो! हार घातले, फोटो काढले, आणि दुसऱ्या दिवशी बाई परत गॅसपाशी. ग्रामसभेत बोलायचे हैबतराव. कागद घरी यायचे, आणि सासूबाई पिठाचा हात पदराला पुसून ते बोट ठेवतील तिथे सही करायच्या. खाडीकडच्या पाड्याचा रस्ता असाच झाला. पाड्यातून सरळ डांबरी रस्त्याला मिळायला हवा होता, तो बांधाबांधाने थेट हैबतरावांच्या प्लॉटवर गेला. पाडा अजून चिखल तुडवतोय.

बरं, नाही म्हणावं तर तेही फुकट. गुणाजीची बायको केव्हाची साडी नेसून तयार होती. ती नाहीतर ही. बोट हैबतरावांचंच.

“बाबा, एवढं एक उदाहरण होऊ दे,” मृणाली म्हणाली आणि फळ्याकडे वळली. पाच मिनिटं मिळाली तरी खूप, असं तिला झालं होतं.

तिने एक आडवी रेषा ओढली. “हा एक्स अक्ष. समजा, आपला डांबरी रस्ता. चढ किती?”

“शून्य!” मुली ओरडल्या.

वरच्या बाजूला तिने ठिपका दिला. “हा बिंदू तीन, चार. समजा, दिपिकाचा पाडा. दिपिका, पाड्यातून जाणारी आणि रस्त्याला समांतर असलेली रेषा काढ. समीकरण सांग.”

दिपिका मिठागरवाल्याची पोर, जिभेला हाड नसलेली. तिने फळ्यावर रेषा काढली. “वाय बरोबर चार. चढ तोच, शून्य.” मग ती मान वाकडी करून बघत राहिली. “पण मॅडम, ही तर डांबरीला मिळतच नाय.”

“समांतर आहे ना गो. कशी मिळेल?”

“मंग आमचा रस्ता असाच कशाला काढलाय?”

पोरी फिदीफिदी हसल्या. गुणाजी उगाचच खाकरला. हैबतरावांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मृणालीला मात्र हसू आलं नाही, लाज वाटली. त्या रस्त्यावरची सही तिच्याच घरातली होती. पुढची सही आता तिची.

“लंब काढ,” ती म्हणाली.

“लंब म्हणजे दोन चढांचा गुणाकार वजा एक.” दिपिका बोटं नाचवत पुटपुटली आणि अडली. “शून्याला कशानं बी गुणलं तरी शून्यच येतंय. मंग ती रेषाच नाय का?”

“रेषा आहे. तुझा नियम तिथे चालत नाही, एवढंच.” मृणालीने ठिपक्यापासून डांबरी रस्त्यापर्यंत खडू सरळ खाली आणला. “ही बघ. एक्स बरोबर तीन. सगळ्यात जवळची वाट.”

“उभी रेषा! मंग हिचा चढ किती?”

उत्तर मृणालीला तोंडपाठ होतं. दरवर्षी शिकवत होती. आज ते ओठावर आलं आणि तिथेच थांबलं. ती त्या रेषेकडे बघतच राहिली.

“सूनबाई!” हैबतरावांचा आवाज चढला. “तिकडे अर्जाची वेळ संपेल. राहतेस, की गुणाजीच्या बायकोला बसवू गाडीत?”

तिला भीती वाटली, खोटं कशाला बोला? याच घरात राहायचं होतं, यांच्याच पंगतीला रोज जेवायचं होतं.

“राहते,” ती म्हणाली. “उभी राहते मी.”

“शाब्बास!” हैबतराव उठले. दारातली खुर्ची त्यांनी स्वतःच्या हाताने बाजूला केली. “शेवटी सासूच्याच वळणावर गेली पोर! गुणाज्या, गाडी काढ. आणि येताना पेढे घे.”

मृणालीने ओढणीला हात पुसले आणि चपला पायात सरकवल्या.

“मॅडम, उत्तर राहिलं!” मागून दिपिका ओरडली. “उभ्या रेषेचा चढ काय लिवू?”

मृणाली उंबऱ्यात थांबली. सासऱ्यांच्या डोळ्याला डोळा भिडवत तिने सांगितलं, “लिही. ठरवता येत नाही. कुणालाच नाही.”