खिडकीपाशी काढलेले फोटो

अडतीस वर्षांपूर्वीच्या त्या पत्राला प्राध्यापकांनी उत्तर दिलंच नव्हतं. फोटो स्टुडिओतल्या मुलीने लिहिलं होतं, “सर, शिक्षक कोण नि विद्यार्थी कोण, हे तुमचा प्रोग्राम चेहऱ्यावरून ओळखतच नाही. शिक्षकांचे फोटो मी खिडकीपाशी काढले, विद्यार्थ्यांचे दारापाशी. तो खिडकी ओळखतो. हवं तर तपासून बघा.”

तपासायची त्यांची छातीच झाली नव्हती. सगळं संशोधन त्यावरच उभं होतं. आज, निवृत्तीनंतर, धीर करून त्यांनी प्रोग्रामला नुसत्या खिडकीचा फोटो दाखवला. उत्तर आलं, ‘शिक्षक’. ते पोट धरून हसले.

“एकटेच काय हसताय?” आतून बायकोने विचारलं.

“काही नाही गं. पोस्टात जाऊन येतो.”

‘तुझंच बरोबर होतं,’ एवढंच त्यांनी लिहिलं. पाकिटावर त्या मुलीच्या नावापुढे स्वतःचं आडनाव घातलं, पत्ता घरचाच लिहिला आणि पत्र पेटीत टाकलं.