मामांनी सुचवलेला वायू

घाटात नवरदेवाची जुनी गाडी दमली, तेव्हा वधूच्या मामांनी मंगल कार्यालयातून फोनवर सल्ला दिला, "वऱ्हाडातल्या दातांच्या डॉक्टरांकडचा हसवायचा वायू इंजिनाला जोडा. शर्यतीवाले हेच करतात!"

गाडी अशी सुटली की कार्यालयासमोरून सनईवाल्याची पगडी उडवत गेली आणि दोन तालुके ओलांडून थांबली. मुहूर्त टळला.

"काय हो मेव्हणे, आता पोरीने धुराला हार घालायचा?" वधूपिता कडाडले.

"पण दाजी, गाडी पळाली की नाही?"

तेवढ्यात नवरदेवाचा फोन आला. गाडीत गळलेल्या वायूने त्याला हसू आवरेना.

नवरी केतकीने मुंडावळ्या उपटल्या. "मुहूर्त चुकवलास आणि वर हसतोस? तिथेच जेव!" ती ओरडली आणि आचाऱ्याकडे वळली. "पंगत बसवा. मामांना मात्र कोणी वाढायचं नाही."