उत्तरार्ध

अमळनेरच्या मुलींच्या फुटबॉल संघाचे प्रशिक्षक अभिमन नाना वर्षानुवर्षं सगळ्यांना बचावालाच उभं करत. गोल मारणारी मेघा बाकावर बसून राही.

“नाना, घाबरता काय? पोरीला उतरवा!” तिचे वडील दीपकभाऊ ओरडत.

“बरोबरी बी चांगलीच शे, भाऊ,” नाना म्हणत.

यंदा दीपकभाऊंनी पालकांना सोबत घेऊन नानांना घालवलं आणि स्वतः प्रशिक्षक झाले. वयोमर्यादेमुळे मेघाचा आजचा सामना शेवटचा होता. जिल्ह्याचे निवडकर्तेही आले होते. घरच्या पोरीला आधी घेतलं असं कुणी म्हणू नये, म्हणून तिला उत्तरार्धात उतरवायचं ठरलं. पण उत्तरार्ध सुरू होताच संघ एका गोलने पुढे गेला.

“पप्पा, जाऊ?”

“थांब जरा. आता कशाला रिस्क घ्यायची?”


शेवटची शिट्टी वाजायच्या आधीच मेघा बुटांच्या नाड्या सोडू लागली.