नुसती फुलं

कुंपणावर आपसूक उगवलेला करटोलीचा रानवेल कापून टाकल्यापासून धाकटीचा पाय घरात ठरत नव्हता. उठसूट ती खुंटापाशी जाऊन घुटमळायची. भावाभावांनी घर वाटून घेतलं, तेव्हापासून थोरल्या जाऊबाई कुंपणापलीकडे आपल्या वेलाची करटोली खुडताना रोज ऐकवायच्या, "तुझ्या वेलाला मेली नुसती फुलंच." शेवटी धाकटीने रागाच्या भरात विळाच चालवला. आज जाऊबाई स्वतःहून कुंपणाशी आल्या. ओंजळीत पिवळी पडून गळलेली कोवळी करटोली होती. "वेल का कापलास? नर होता तो. त्याच्याशिवाय माझ्या वेलाला फळ धरत नाही." "म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?" धाकटीने विचारलं. जाऊबाईंनी नजर चुकवली. "कंद तरी ठेवलायस ना? पुन्हा फुटेल तो." "बघावं लागेल," धाकटी म्हणाली. कंद मातीत शाबूत होता, तिच्या टाचेखालीच. इतके दिवस चुळबुळणारा पाय आता तिथून हलत नव्हता.