नासका माल

पंचफुलाने अठरावा क्रेट उघडला आणि कपाळाला हात लावला. यातल्या टमाट्यांनाही पाणी सुटलं होतं.

"काल तर टणक होते," ती म्हणाली.

अदिलाबादच्या मार्केट यार्डात ती कारकून होती. चौऱ्याण्णवच्या उन्हाळ्यात कमिटीच्या मागे लागून तिनेच हे प्लास्टिकचे क्रेट आणवले होते. त्याआधी माल बांबूच्या टोपल्यांत यायचा. हमाल आदळायचे, खालचा थर चेंगरायचा, चारांतली एक टोपली वाया जायची. क्रेट आले, वर पत्र्याची सावली झाली, आणि दोन महिने उकिरड्याकडे गाईसुद्धा फिरकल्या नाहीत. मुधोळकडचे शेतकरी तिला आपणहून नमस्कार करू लागले.

मग माल पुन्हा नासायला लागला. नागपूरच्या गाडीसाठी थांबलेले क्रेट सकाळपर्यंत पाझरायचे.

"यशवंतरावाचं काम हाय हे," द्वारकाबाई हळूच म्हणाली. "क्रेट नको म्हनून तोच भांडला होता ना? काल मी त्याले इथंच पाह्यलं."

यशवंतराव अडत्या. द्वारकाबाई माल निवडणाऱ्या बायकांत सगळ्यांत जुनी. पंचफुलाची आई, रुक्माबाई, वीस वर्षं तिच्याच शेजारी बसून माल निवडायची. आई गेली तेव्हा पंचफुला हिच्याच कुशीत रडली होती. हिच्या शब्दावर आणखी पुरावा कशाला हवा?

तिने लेखी तक्रार केली. द्वारकाबाईने कमिटीच्या साहेबांपुढे साक्ष दिली. यशवंतरावाचं लायसन महिनाभर बंद झालं.

जाताना तो एवढंच म्हणाला, "मॅडम, तुमी चांगल्या मनानं करून राह्यल्या. म्हनून मी काई बोलत नाई."

चौथ्या दिवशी नऊ क्रेट नासले. यशवंतराव तर मावल्याला, आपल्या गावी, घरी बसून होता.

पाचव्या दिवशी दुपारच्या सुट्टीत पंचफुला जेवायला गेली नाही. शेडच्या खांबामागे उभी राहिली. हमाल पोत्यांवर आडवे झाले होते. द्वारकाबाई क्रेटांच्या रांगेतून सावकाश आली. तिने एक टणक टमाटा उचलला, नख रोवलं, परत ठेवला. दुसरा उचलला.

"मावशी!"

द्वारकाबाई दचकली नाही. हातातला टमाटा तिने जागच्या जागी ठेवला.

"काऊन केलं असं? तुह्या शब्दावर मी एका मानसाचं पोट बंद केलं!"

"आन् आमचं? निवडनाऱ्या बायांले मजुरी कोन देते? नासका माल आमचा, हीच रीत. सडकं कापून टाकाचं, चांगलं गल्लीत इकाचं. तुहे क्रेट आले आन् नासकंच संपलं. सात घरच्या चुली हायत, पोरी."

"मले सांगाचं होतं!" पंचफुलाचा आवाज चिरकला. "मी तुले मायच्या जागी मानलं. माही माय असती ना, तर तुह्याशी बोलली नसती. तिनं जन्मात कोनाचा माल नासवला नाई."

द्वारकाबाईने पदराला बोट पुसलं.

"तुही दहावीची फी भराची होती त्या साली," ती म्हणाली, "मालात नख कसं माराचं, ते तुह्या मायनंच दाखवलं मले."